शिक्षावली ते ‘माझा प्रवास’ : झाशी आणि मधल्या इयत्तांची भाषा

झाशीच्या रेल्वे स्थानकाकडून किल्ल्याच्या दिशेने निघालेल्या वाटसरूस वाटेत एक गजबजलेला चौक लागतो. त्यास ‘इलाइट चौराहा’ असे म्हणतात. नावाचा पूर्वार्ध इंग्रजी, उत्तरार्ध हिंदी. मराठी माणूस ज्यास चौक किंवा चव्हाटा म्हणेल, त्याचेच हे नाव. अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत ज्या शहरावर मराठी सुभेदारांची व नेवाळकर घराण्याची सत्ता होती, तेथील व्यवहाराची भाषा आज हिंदी आणि बुंदेली आहे. मराठी उरली आहे ती काही घरांच्या उंबरठ्याआड, देवघरात आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत. अशा शहरातील बारा वर्षांच्या मुलाने भाषेच्या तासाला काय शिकावे? हा प्रश्न वरकरणी अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांचा वाटतो. परंतु झाशीच्या इतिहासात त्याची काही उत्तरे दडलेली आहेत.

सहावी ते आठवी या मधल्या इयत्तांना भारतीय शिक्षणाच्या इतिहासात एक वेगळे स्थान होते. मुंबई इलाख्यात सातवीच्या अखेरची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ आणि संयुक्त प्रांतातील ‘मिडल’ ही परीक्षा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा शेवट असे. ती उत्तीर्ण झालेला मुलगा शिक्षक होई, तलाठी होई, कारकून होई. त्यामुळे भाषेच्या अभ्यासाचे प्रयोजन उघड होते : शुद्ध लिहिणे, अर्ज व पत्र यांचा मसुदा करणे, मोडी कागद वाचणे, आणि नीतिपर पाठांतून सदाचाराचे वळण घेणे. भाषा ही परीक्षिण्याची वस्तू नव्हती. ती आज्ञेसारखी स्वीकारावयाची होती. वाचनपुस्तकात छापले ते प्रमाण, अशी त्या शिक्षणाची धारणा होती.

मराठीत ही धारणा घडविण्यात सरकारी क्रमिक पुस्तकांचा वाटा मोठा होता. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी शालेय मराठी तयार झाली, तिने लेखनास एकरूपता व विरामचिन्हांची शिस्त दिली, हे निर्विवाद आहे. पण परभाषकाच्या हाताखाली घडलेल्या या भाषेत जिवंत बोलीचा श्वास कोंडला, अशी तक्रारही लवकरच उठली. 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिति’ हाच विषय आरंभी घेतला, आणि ते स्वतः त्या वेळी शाळामास्तर होते, हा केवळ योगायोग नव्हे. पुढे 1930 नंतरच्या दशकात आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने सरकारी पाठ्यपुस्तकाचा रुक्षपणा मोडून मुलांच्या हाती खरे साहित्य दिले. दोन्ही प्रसंगी मूळ आक्षेप एकच होता : पाठ्यपुस्तक हे टीकेच्या पलीकडचे नाही.

हाच आक्षेप हिंदीत ज्या शहरातून घेतला गेला ते शहर झाशी होय. महावीरप्रसाद द्विवेदी (1864–1938) हे तेव्हा झाशीत रेल्वेच्या कचेरीत नोकरीस होते. संयुक्त प्रांतात चालणाऱ्या ‘हिंदी शिक्षावली’ या शालेय वाचनमालेच्या तिसऱ्या भागाची त्यांनी समालोचना लिहिली. ती 1899 साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या हाती पडणारे पुस्तक कोणी इतक्या बारकाईने तपासावे, वाक्यरचनेतील व आशयातील दोष एकेक करून दाखवावेत, हे त्या काळी नवलाचे होते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, ज्यांच्या पुस्तकावर ही टीका झाली त्या अलाहाबादच्या इंडियन प्रेसचे चालक चिंतामणी घोष टीकेने दुखावले गेले नाहीत. त्यांनी या टीकाकारासच आपल्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादकपद देऊ केले. द्विवेदींनी 1903 मध्ये ते स्वीकारले, पुढील वर्षी रेल्वेची चांगल्या वेतनाची नोकरी सोडली आणि 1920 पर्यंत हिंदी गद्याला वळण लावण्याचे काम केले. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्या कालखंडास ‘द्विवेदी युग’ म्हणतात. त्या युगाची एक वाट शाळकरी पुस्तकाच्या चिकित्सेतून निघाली, ही बाब साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

मराठी वाचकास या पुस्तकाच्या नावापाशीच थबकावे लागते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. मराठी कानाला ‘शिक्षावली’ ही छड्यांची मालिका वाटावी! ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘यंत्रणा’ हिंदीत यातना, मराठीत व्यवस्था. शब्द संस्कृतचेच, लिपीही एकच, पण संसार वेगळे. झाशीतील मराठी घरातले मूल हा फरक रोज अनुभवते, आणि शाळेत मात्र त्याची गणना चुकांत होते. ज्याला दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून शब्दाचे दोन अर्थ दिसतात, त्याच्यापाशी अर्थविचाराचा पहिला धडा आधीच आलेला असतो. शिक्षकाने तो केवळ उलगडावयाचा असतो.

खुद्द द्विवेदींच्या घडणीतही अशी सीमा होती. त्यांना मराठी चांगली अवगत होती. मराठी कवितेत संस्कृत वृत्ते ज्या सहजतेने वावरतात तिचा त्यांच्या काव्यविचारावर प्रभाव पडल्याचे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात नमूद केले आहे. पण दुसऱ्याची भाषा तपासणाऱ्याची भाषाही तपासली जाते. 1905 साली ‘भाषा और व्याकरण’ या लेखात द्विवेदींनी ‘अनस्थिरता’ हा शब्द वापरला, आणि बालमुकुंद गुप्त यांनी त्यावर उपहासाची झोड उठविली. एका शब्दावरून महिनोन्‌महिने चाललेला तो वाद कटू होता. तरीही त्यातून व्याकरण हे नियमांचे पाठांतर नसून प्रयोगाविषयीचा वाद आहे, ही जाण हिंदी वाचकांत पसरली. व्याकरणाच्या तासाला नेमकी हीच जाण क्वचित पोहोचते.

भाषेच्या चिकित्सेइतकीच महत्त्वाची दुसरी बाब संहितेची. झाशीने मराठीला एक अपूर्व ग्रंथ दिला आहे : विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक 1857 साली द्रव्यार्जनासाठी आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरात होते. एप्रिलच्या आरंभी शहर पडल्यावर झालेली कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाचा विध्वंस यांचे त्यांनी वर्णन केले आहे. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी आठवणींवरून हा वृत्तांत लिहिला. चिंतामणराव वैद्य यांनी तो 1907 मध्ये प्रसिद्ध केला, तो भाषा सुधारून व काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती 1966 साली आली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे गोडसे भटजींचे म्हणून वाचत होता त्यात संपादकाचा हात मिसळलेला होता. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. परकी सत्ता होती, सभ्यतेच्या कल्पना होत्या, ‘शुद्ध’ मराठीचा आग्रह होता. परंतु भिक्षुकाची रांगडी, बोलकी वाक्ये आणि संपादकाची नीटस वाक्ये शेजारी ठेवली, तर सातवीतल्या मुलालाही कळेल की शुद्धीकरणात काहीतरी मिळते आणि काहीतरी हरवते.

झाशीच्या राणीची कथा भारतातील असंख्य मुलांपर्यंत पोहोचली ती मात्र या ग्रंथातून नव्हे, तर सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेतून. 2006 नंतरची अनेक वर्षे ती राष्ट्रीय परिषदेच्या सहाव्या इयत्तेच्या ‘वसंत’ या पुस्तकात होती. ती कविता आपली कथा बुंदेल्या हरबोळ्यांच्या तोंडून ऐकल्याचे सांगते. म्हणजे मौखिक परंपरेला साक्षीदार करते. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी 1894 मध्ये राणीचे मराठी चरित्र लिहिले. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी 1946 मध्ये आली. लोकगायक, प्रत्यक्षदर्शी, चरित्रकार, कवयित्री, कादंबरीकार, अशा पाच प्रकारच्या आवाजांत एकच स्त्री उभी आहे. शाळेत बहुधा कविता पाठ होते, वीररसाचे उदाहरण म्हणून तिची नोंद होते आणि प्रश्न संपतो. ‘हे कोणी सांगितले, त्याने पाहिले होते की ऐकले होते, आणि ते कोणासाठी सांगितले’ हा प्रश्न राणीच्या पराक्रमास उणेपणा आणीत नाही. उलट ती पुतळ्यातून उतरून माणसांत येते.

येथे एक कठोर वस्तुस्थिती आड येते. 1956 च्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद 350क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी असे सांगतो. पण केवळ प्राथमिक टप्प्यावर. 1968 च्या धोरणातील त्रिभाषा सूत्राने हिंदीभाषक राज्यांत एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतील, शिकविली जावी अशी अपेक्षा धरली. उत्तर प्रदेशात ती जागा प्रायः संस्कृतने घेतली. परिणामी झाशीच्या मराठी मुलाच्या घरच्या भाषेला, मूल विचार करू लागते नेमक्या त्याच वयात, शाळेत आसरा राहत नाही. दोन पिढ्यांनी ती भाषा आरतीपुरती उरते, आणि ‘माझा प्रवास’ ज्या गावाविषयी लिहिला गेला त्या गावातील मराठी घरांतही तो अनुवादातून वाचावा लागतो. अमृतलाल नागर यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला हे हिंदीचे भाग्य. पण अनुवाद मूळ भाषेची उणीव भरून काढण्यासाठी नसतो, तिच्याकडे जाण्याची वाट दाखविण्यासाठी असतो.

म्हणून मधल्या इयत्तांत काय शिकवावे याचे झाशीने दिलेले उत्तर संक्षेपाने असे मांडता येईल. छापील वाक्यालाही प्रश्न विचारता यावा. एकाच मजकुराची दोन रूपे शेजारी ठेवून वाचता यावीत. साक्ष, आख्यायिका आणि काव्य यांतील भेद कळावा, आणि तो कळूनही काव्याचा आनंद टिकावा. घरची भाषा व शाळेची भाषा यांच्यामधील अंतर ही लाज न ठरता अभ्यासाचे साहित्य ठरावे. यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एका रेल्वे कारकुनाने एक वाचनपुस्तक उघडून हे करून दाखविले होते.

2021 च्या अखेरीस झाशीच्या स्थानकाला राणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. स्थानकाच्या पाटीवर राणी आहे. पुढे इलाइट चौराह्यावर इंग्रजी आणि हिंदी एकाच नावात नांदत आहेत. या दोहोंच्या मधून शाळेला जाणाऱ्या मुलाने ती अक्षरे नुसती वाचून पुढे जावे की त्यांपाशी क्षणभर थांबून ‘हे असे का?’ असे विचारावे, हे त्याच्या भाषेच्या तासावर अवलंबून आहे.