यादीत नसलेले नाव

तुमच्या २००७ च्या दहावीचा स्नेहमेळावा ठरला, त्याबरोबर आज्ञाही आली, "सर, चिरनेरच्या प्रकल्पावर तुम्हीच लिहायचं." तुम्हाला तासन्‌तास निबंध लिहायला बसवले, त्याची ही फेड असावी. तेव्हा लिहितो. थोडे इतिहासाचे, थोडे तुमचे, आणि शेवटी थोडे माझ्या चुकीचे.

२००५ चा ऑगस्ट आठवा. २६ जुलैचा पूर ओसरून शाळा नुकती मार्गी लागली होती. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला ७५ वर्षे होणार होती. नववीच्या वर्गाचे मी गट पाडले आणि एका गटाला साधा प्रश्न दिला : चिरनेरला गोळीबारात गेलेली माणसे कोण होती?

पाठ्यपुस्तकात एवढेच होते की, १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. मिठावरून चळवळ जंगलाकडे का वळली, हे मात्र उरणच्या पोरांना वेगळे शिकवावे लागले नाही. पावसाळ्यात मिठागरे बंद असतात, हे तुम्ही घरीच पाहिलेले. पावसाळा लागला तशी महाराष्ट्रातली चळवळ जंगलाच्या कायद्याकडे वळली. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. पुढे बागलाण, संगमनेर, बिळाशी अशी ठिकठिकाणी लोक कोयते घेऊन बाहेर पडले. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने सरपण, गवत, गुरांची चराई हे सारे सरकारी परवानगीचे झाले होते. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हा कायदा रोज चुलीपाशी भेटत होता.

चिरनेर तेव्हा पनवेल तालुक्यात होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी आजूबाजूच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. सरकारी बाजूचीही माणसे गेली, त्यांत पनवेलचे मामलेदार जोशी होते. नंतर धरपकड झाली, ठाण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला. आरोपींच्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

तुमच्या गटाने स्तंभावरची नावे वहीत उतरवून आणली. नाग्या महादू कातकरी, धाकू फोफेरकर, रामा कोळी, रघुनाथ न्हावी, आलू म्हात्रे आणि इतर. गावे चिरनेर, दिघोडे, कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे. तुमच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, यात सगळ्या जातींचे लोक आहेत." माझ्या मते तुमच्या संशोधनातले ते पहिले खरे वाक्य.

मग तुम्ही म्हाताऱ्या माणसांना भेटायला निघालात. मी तीन नियम घालून दिले होते. वाचलेले एका पानावर, ऐकलेले दुसऱ्या. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, ते विचारायचे. आणि दोन हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहायच्या, आपल्याला आवडलेली एक ठेवायची नाही. मामलेदार कसे मारले गेले, याच्या तुम्हाला तीन घरांत तीन हकिकती मिळाल्या आणि "यातली खरी कुठली?" म्हणून तुम्ही माझ्याशी भांडलात. ते भांडण मला फार आवडले.

खरा प्रश्न मात्र वर्गातच उभा राहिला. गटात कातकरवाडीवरचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. वही वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सर, नाग्या कातकरी आमचा. मग आमच्या वाडीवरचं कोणी दहावीपर्यंत का पोचत नाय?"

मी तोवर चित्ररथाची तयारी करत होतो. कागदी बंदुका, पुठ्ठ्याचा डोंगर. त्या प्रश्नानंतर चित्ररथ बाजूला ठेवला. मी म्हटले, "याचेही उत्तर तसेच शोधा, पुराव्याने." तुम्ही शाळेची हजेरीपत्रके काढलीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वाडीवरच्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या रांगा होत्या. कारण सगळ्यांना माहीत होते, पण कागदावर प्रथमच दिसले : दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्या नावातच खैराचा कात आहे, त्यांचे जंगल गेले आणि मागे स्थलांतर उरले. १९३० चा प्रश्न तुमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला होता.

मूल मागे राहायचे तर वसतिगृह हवे. त्या राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा. आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जुन्या जनरल रजिस्टरात तुम्ही आजोबा-पणजोबांची नावे शोधलीत. म्हात्रे सापडले, पाटील सापडले. वाडीवरचे एकही नाव नव्हते. जो शाळेतच आला नाही, त्याच्याकडे शाळेचा पुरावा कुठून असणार? ज्यांच्या माणसाचे नाव हुतात्मा स्तंभावर कोरले आहे, त्यांना आपण इथलेच आहोत हे कागदाने सिद्ध करता येत नव्हते.

लेखी पुरावा नसेल तर जागेवर चौकशी करून दाखला देण्याची सोय आहे, हे कळल्यावर तुम्ही कामाला लागलात. वाडीवरच्या म्हाताऱ्यांचे जबाब वहीत होतेच. त्यावरून वंशावळी मांडल्या, अर्ज भरले, कचेरीत दिले. काही घरांना दाखले मिळाले. त्या मुलाच्या घरचा अर्ज दिवाळीपर्यंत निघाला नाही, आणि दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला.

आता माझी चूक. डिसेंबरात प्रदर्शन झाले, कौतुक झाले, तुम्हाला गुण मिळाले आणि मी फाइल बांधून कपाटात ठेवली. भट्टी काही मुलखाबाहेर नव्हती. मी गेलो नाही. गटाला शोधापासून कृतीपर्यंत नेले, असे मी नंतर अनेक शिबिरांत सांगितले. खरे म्हणजे तुम्ही मला तिथवर नेले होते, आणि शेवटच्या पावलाला मीच थांबलो. शाळेचे वेळापत्रक संपते तिथे प्रश्न संपत नाही, हे मला उशिरा उमगले.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, वनहक्क कायदा झाला. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले म्हणणे हाही पुरावा धरला आहे. तुमच्या त्या निळ्या वहीत अशी पाने होती. वही मी जपून ठेवली आहे, मेळाव्याला आणतो.

मेळाव्यासाठी तुम्ही पाठवलेली नावांची यादी पाहिली. त्यात तो नाही. यादी दहावी झालेल्यांची आहे, म्हणून नाही. पण वर्ग तर त्याचाही होता आणि तो प्रश्नही त्याचाच. तुमच्यातले कोणी आज वकील आहे, कोणी तलाठी, कोणी बंदरात कामाला. मेळाव्याला अजून वेळ आहे. कोणीतरी वाडीवर जा, त्याला शोधा, आणि निमंत्रण हातात द्या. त्याची मुले शाळेत जातात का, तेही विचारा.

नसतील, तर मला कळवा. या वेळी मी येतो.