लज्जेचा माग

साथींचा इतिहास लिहिताना आपण विषाणूचा माग काढतो. लज्जेचा माग काढायचे बहुधा राहून जाते.

१९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध देण्याची सूचना पुढे आली. असे वाटप समलैंगिकतेला उत्तेजन देईल, या भूमिकेतून प्रशासनाने ती नाकारली. तेव्हा ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ लाच न्यायालयात आव्हान दिले. पुढे जुलै २००१ मध्ये लखनौत समलिंगी पुरुषांमध्ये एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याच कलमाखाली अटक झाली. दीड महिना ते कोठडीत होते.

या दोन्ही घटनांत आम्हांला एकच सूत्र दिसते. जिथे ओळख हाच अपराध ठरतो, तिथे भेटी अंधारात आणि घाईत होतात. निरोध जवळ बाळगणे म्हणजे कबुली वाटते आणि डॉक्टरांपुढेही खरे बोलवत नाही. संसर्गाला वाट मिळते ती या मौनातून.

मुंबईत १९९० साली निघालेले ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक आणि १९९४ मध्ये स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट यांनी या माणसांना सोबत मिळवून दिली. आरोग्याविषयी बोलणे त्या सोबतीत शक्य झाले.

२००६ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही कलम ३७७ मुळे प्रतिबंधकार्यात अडथळा येतो, असे न्यायालयात सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. घरच्यांच्या आग्रहाखातर बोहल्यावर चढणाऱ्या मुलाचे मौन मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.