पायकडे सरकणारा आकडा

पोथी हाती घेतल्यावर पाठचिकित्सकाचा पहिला प्रश्न असतो : ही प्रत कोणती? संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्यालाही आपल्या साधनाविषयी हेच विचारावे लागते. ‘टेक’ या प्रणालीत उत्तर सहज मिळते. आज्ञा देण्याच्या खिडकीत प्रणालीचे नाव, मग एक जागा सोडून दोन लघुरेषा व त्यांना जोडून इंग्रजी ‘व्हर्जन’ हा शब्द टंकला की पहिल्याच ओळीत आवृत्तिक्रमांक उमटतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ असा आहे. गणिताशी फारकत घेतलेल्या आमच्यासारख्यांनाही ही ‘पाय’ची किंमत ओळखू येते.

या आकड्यामागे एका ग्रंथकाराचा असंतोष आहे. १९७७मध्ये डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या यंत्रावर जुळवलेली मुद्रिते पाहिली. खिळ्यांच्या जुळणीतले सौष्ठव त्यांत नव्हते. लेखन बाजूला ठेवून त्यांनी जुळणीची प्रणालीच रचली आणि पुढे ती नव्याने लिहिली. १९९०मध्ये त्यांनी जाहीर केले की यापुढे नवी सोय नाही, केवळ दोषदुरुस्ती होईल आणि दर दुरुस्तीस ‘पाय’चा एकेक अंक वाढेल. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक साक्षात ‘पाय’ व्हावा आणि उरलेले दोष गुण मानावेत, अशी त्यांची इच्छा आहे.

हा केवळ गणितज्ञाचा विनोद नव्हे. आज जुळवलेले पान अनेक वर्षांनीही तसेच जुळावे, हा त्यामागचा आग्रह आहे. पृष्ठांकांच्या आधारे संदर्भ देणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मूळ गोठले, तरी त्यावरची रचना वाढत राहिली. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ची १९९४मध्ये नवी पिढी आली. जुनी फाईल ‘डॉक्युमेंटस्टाईल’ने उघडते, नवी ‘डॉक्युमेंटक्लास’ने. ‘पीडीएफटेक’ला आवृत्ती विचारली, तर क्नूथ यांचा, ‘ई-टेक’चा आणि स्वतःचा असे तीन क्रमांक एका ओळीत मिळतात, जणू मूळ, भाष्य आणि भाष्यावरील टीका.

देवनागरीपुरता हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. फ्रान्स वेल्टहुइस यांच्या १९९१च्या पद्धतीत मजकूर रोमन लिपीत टंकून आधी एका वेगळ्या आज्ञावलीतून काढावा लागे. जोनाथन क्यू यांच्या २००४च्या ‘झीटेक’मध्ये युनिकोड देवनागरी थेट लिहिता येते. पहिल्या पद्धतीची फाईल दुसऱ्या प्रणालीस तशीच दिली, तर पानावर देवनागरी उमटत नाही. प्रबंध जपून ठेवलेला असतो, पण तो वाचण्याची किल्ली हरवते.

पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिकेत आपले नाव आणि काळ नोंदवीत असे. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या शेवटी प्रणाली आणि तिची आवृत्ती सांगणारी एक ओळ लिहिली, तर ती त्याच परंपरेतली नोंद ठरेल. उद्याच्या पाठचिकित्सकाचा पहिला प्रश्न तेवढ्याने सुटेल.