यकृत विकारांतील जीवनगुणवत्ता-मापन

दीर्घकालीन यकृत विकाराचा रुग्णाच्या हालचाली, झोप, मनःस्थिती, कामधंदा व कौटुंबिक व्यवहार यांवर होणारा परिणाम त्याच्याच सांगण्यावरून अंकांत मांडण्याची पद्धती. या मापनाचा इतिहास अलीकडचा आहे. त्यापूर्वी मोजला जात होता तो मुख्यतः मृत्यूचा धोका.

सी. जी. चाइल्ड व जे. जी. टरकॉट यांनी १९६४ मध्ये सिरोसिसच्या, म्हणजे यकृत सूत्रणरोगाच्या रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी प्रतवारी करण्यासाठी पाच निकष ठरविले : रक्तातील पित्तारुण (बिलिरुबिन) व अल्ब्युमीन, जलोदर, मेंदूवरील परिणाम आणि पोषण. आर. एन. एच. प्यू व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पोषणाऐवजी रक्त साखळण्याच्या काळाचा निकष घेतला. मापन त्यामुळे अधिक वस्तुनिष्ठ झाले खरे. परंतु रुग्णाच्या ताटाशी संबंध असलेला एकमेव निकष त्यातून गेला. २००० नंतर रूढ झालेल्या ‘मेल्ड’ गुणांकात मुळात केवळ प्रयोगशाळेतील आकडे होते. यकृतारोपणाचा अग्रक्रम ठरविण्यास तो उपयुक्त ठरला. थकवा वा खाज मात्र त्यात कोठेच येत नाही. पित्तनलिकांच्या काही विकारांत तर रक्ततपासणी फारशी बिघडलेली नसताही रुग्ण थकव्याने जेरीस आलेला असतो.

१९९९ मध्ये झोबेअर यूनोसी, गॉर्डन गायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ यकृत विकारांसाठी रचलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत २९ प्रश्न असून ते उदराची लक्षणे, थकवा, सर्वांगीण लक्षणे, हालचाल, भावनिक स्थिती व चिंता या सहा गटांत विभागले आहेत. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती वेळ झाला, हे रुग्ण १ ते ७ या श्रेणीत सांगतो. गुण जितके अधिक तितकी स्थिती बरी. सिरोसिस बळावत जातो तसे हे गुण उतरतात, असे आढळले.

अशा मापनाची गरज हेपॅटायटिस-सीच्या उपचारांत विशेष जाणवली. इंटरफेरॉनमुळे विषाणू नाहीसा होत असताना रुग्णाला थकवा व विषण्णता ग्रासत असे. २०१३ पासून आलेल्या तोंडाने घ्यावयाच्या विषाणुरोधक औषधांनी हा त्रास पुष्कळ टळला. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही औषधे विनामूल्य दिली जाऊ लागली.

परक्या समाजात तयार झालेली प्रश्नावली केवळ भाषांतराने आपली होत नाही. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचे उदाहरण घेता येईल. १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरातील असंख्य लोक कामासाठी लोकलने मुंबईस जातात. जड वस्तू उचलण्याच्या प्रश्नापेक्षा गर्दीच्या गाडीत चर्चगेटपर्यंत उभे राहता येते का, हा प्रश्न तेथील रुग्णाची शक्ती अधिक नेमकी सांगेल. आहारावरील बंधनांचा प्रश्नही तसाच. जलोदरात मीठ कमी करावे लागते. मिठागरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरमध्येही लोणचे, पापड व सुकी मासळी रुग्णाच्या ताटातून जाते, आणि घरात दोन स्वयंपाक करावयाचे की सर्वांनीच अळणी जेवावयाचे, हा पेच बहुधा गृहिणीपुढे येतो. रुग्ण स्वतः गृहिणी असल्यास ती या त्रासाला त्रास म्हणेलच, असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनगुणवत्तेची सर्वसाधारण प्रश्नावली १९९० नंतर अनेक देशांतील केंद्रांत एकाच वेळी घडविली. त्यांत दिल्ली व मद्रास (चेन्नई) ही केंद्रे होती. तिच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त आवृत्तीत यकृताची विशिष्ट लक्षणे मात्र येत नाहीत. म्हणून दोन्ही प्रकारच्या प्रश्नावल्या जोडीने वापरणे इष्ट ठरते. मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णाच्या उत्तरांबरोबर घरच्यांचे म्हणणेही नोंदवावे लागते, कारण आपले विस्मरण त्याच्या स्वतःच्या ध्यानी येतेच असे नाही.