बुळकांडी, डिस्टेंपर आणि सेरेंगेटीचे सिंह

गोष्ट १९९४ सालच्या सुरुवातीची. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना एक नर सिंह जमिनीवर पडून आचके देताना दिसला. पुढे आणखी सिंह दिसू लागले; कोणाचा चेहरा सारखा फडफडे, कोणाला धड उभे राहता येईना. या सिंहांचा अभ्यास १९६६ पासून अखंड चालू होता. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून संशोधक एकेक सिंह ओळखत. त्यामुळे कोण नाहीसे झाले हे लगेच कळत होते. सुमारे तीन हजारांपैकी हजारभर, म्हणजे एकतृतीयांश सिंह या साथीत गेले.

पशुवैद्य मेलडी रोल्के-पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या सिंहांचे ऊतक तपासले. सापडला तो डिस्टेंपरचा विषाणू. हा तर कुत्र्यांचा रोग! मांजरकुळातील प्राण्यांना तो बाधत नाही असा तोवर सर्वसाधारण समज होता. पण तपासलेल्या सिंहांपैकी ८५ टक्के सिंहांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. विषाणूचे नाते कुत्र्यांमधील विषाणूशी जुळत होते. उद्यानालगतच्या गावांत तेव्हा सुमारे तीस हजार कुत्री होती. घराची व गुरांची राखण करणारी, पण बांधून न ठेवलेली आणि बहुतेक लस न टोचलेली. तरस गावाकडेही फिरकतात आणि सिंहांच्या शिकारीवरही येतात. विषाणू बहुधा त्यांच्यामार्फत सिंहांपर्यंत पोहोचला असावा.

माणसाच्या पाळीव प्राण्यांकडून सेरेंगेटीत रोग जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्यासाठी शंभर वर्षे मागे जायला हवे. १८८७ च्या सुमारास बुळकांडीचा रोग आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. तो बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आला. पुढल्या दहा वर्षांत तो थेट दक्षिण टोकापर्यंत पसरला. मसाई लोकांची बहुतेक गुरे मेली आणि भीषण दुष्काळ पडला. रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट यांचीही तीच गत झाली. त्यानंतर कित्येक दशके वाइल्डबीस्टची लहान पिल्ले या रोगाने मरत राहिली.

रोग रानात मुरला आहे आणि तेथून तो गुरांना होतो, असे पुष्कळांना वाटे. मग उद्यानाभोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली. रानातल्या एकाही जनावराला लस दिली नव्हती, तरी १९६३ च्या सुमारास वाइल्डबीस्टमधून बुळकांडी नाहीशी झाली! म्हणजे रोगाचा साठा गुरांमध्येच होता. १९६१ मध्ये सुमारे अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. बुळकांडी, डिस्टेंपर आणि आपल्या परिचयाचा गोवर हे तिन्ही विषाणू एकाच गटातले. यांपैकी बुळकांडीचे जगातून पूर्ण उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

मग हाच उपाय कुत्र्यांना का लागू पडू नये? १९९४ च्या साथीनंतर सेरेंगेटीभोवतालच्या गावांत कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. कुत्र्यांमधील डिस्टेंपर खरोखरच कमी झाला. परंतु सिंह आणि कुत्रे यांच्या काही दशकांच्या रक्तनमुन्यांचा एकत्र अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. सिंहांना लागण अधूनमधून होतच होती. विषाणू आता एकट्या कुत्र्यांवर अवलंबून नव्हता. इतर मांसाहारी प्राण्यांतही तो फिरत होता. त्याआधी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली होती. डिस्टेंपर सिंहांत पूर्वीही येऊन गेला होता, पण तेव्हा मृत्यू झाले नव्हते. १९९३ च्या अवर्षणात गोचिडांनी भरलेल्या रानम्हशी मोठ्या संख्येने मेल्या व सिंहांनी त्या खाल्ल्या. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रक्तातील परजीवीचा प्रादुर्भाव आणि डिस्टेंपर एकत्र आले, म्हणून साथ इतकी मारक ठरली.

थोडक्यात, रोग रानात शिरण्यापूर्वी गावात रोखणे सोपे. एकदा तो अनेक प्राण्यांत पसरला की एका प्राण्याला लस देऊन भागत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या पूर्व भागातील दलखानिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुन्यांची तपासणी झाली आणि त्यांत डिस्टेंपरचा विषाणू आढळला. सेरेंगेटीचे सिंह संपले असते तरी आफ्रिकेत अन्यत्र सिंह होतेच. आशियाई सिंह मात्र मुक्त अवस्थेत फक्त गीर आणि त्याच्या आसपासच्या सौराष्ट्रातच उरले आहेत.

यात कुत्र्याचा काय दोष? त्याला पाळले आपण, मोकळे सोडले आपण आणि उकिरड्यावर त्याची सोयही आपणच केली. आपल्या गावात कुत्री किती, त्यांपैकी किती कुत्र्यांना लस टोचली आहे, रात्री ती कोठे फिरतात, गावाजवळ रान किंवा माळ असल्यास तेथवर जातात का, अशी पाहणी घरोघरी विचारून सातवी-आठवीची मुले सहज करू शकतील. त्यातून मिळणारी माहिती गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यालाही उपयोगी पडेल.