तळटीप : 'रिलीफ पिचर'

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलाव आटोपल्यावर उरलेली कॅरेटं गाडीत चढवायला जो ताज्या दमाचा हमाल येतो, त्याला लेखक इथे 'रिलीफ पिचर' म्हणतात. शब्द बेसबॉलचा. सुरुवातीचा पिचर थकला की दुसरा येतो, आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमधला दुसरा स्पेल तिथे नाही. शेवटी येऊन सामना मिटवतो तो 'क्लोजर'. आघाडी तीन धावांची किंवा त्याहून कमी असताना शेवटचा डाव टाकून त्याने ती राखली, की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. (आणखीही पोटनियम आहेत, वाचकाला त्यांत कशाला अडकवा?)

लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा व्हेनेझुएलाचा फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ असावा. जन्म काराकासचा, १९८२चा, आजी-आजोबांकडे वाढलेला. १९९८मध्ये एंजल्स संघाने त्याला करारबद्ध केले. २००२च्या सप्टेंबरात तो मोठ्या लीगमध्ये उतरला. नियमित हंगामात नावावर एकही विजय नाही, आणि त्यानंतरच्या बाद फेऱ्यांत विसाव्या वर्षी पाच! एंजल्सनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. २००८मध्ये ६२ सेव्ह करून त्याने बॉबी थिगपेनचा १९९०चा ५७चा विक्रम मोडला. कारकिर्दीत एकूण ४३७. पुढच्या पानावरचे 'के-रॉड' हे त्याचेच टोपणनाव. स्कोअरबुकात फलंदाज स्ट्राइकआउट झाला की 'के' मांडतात, त्यावरून पडलेले.

— संपादक