माहितीपुस्तिका आणि समोरचा श्रोता

ग्रंथ आणि वाचक यांची गाठ ग्रंथ पूर्ण झाल्यावरच पडते, असे मुद्रणयुगातील आपण गृहीत धरतो. ज्ञानेश्वरीची बांधणी मात्र वेगळी आहे. आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ती सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबा लेखनिक होते. या ग्रंथात श्रोता पदोपदी हजर आहे. वक्ता त्याच्याकडे अवधान मागतो आणि विषयांतर लांबले की ते ओळखून मूळ श्लोकाकडे वळतो. अर्थ पोचवण्याची जबाबदारी येथे सांगणाऱ्याने स्वतःकडे घेतली आहे.

छापील पुस्तकात ही समोरासमोरची बैठक मोडली. त्याची रोकडी किंमत मोजावी लागली ती साहित्येतिहासाने कधी न मोजलेल्या एका लेखनप्रकारात : सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या छापील माहितीपुस्तिकेत. कवितेच्या अर्थाविषयी दुमत झाले तर चर्चा रंगते. पुस्तिकेचा अर्थ चुकला तर काम अडते.

१९८०च्या दशकात अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हरवलेला श्रोता पुन्हा समोर बसवला. संगणकाची फारशी ओळख नसलेल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना त्यांनी पुस्तिका आणि वर्ड प्रोसेसर दिला आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करण्यास सांगितले. जे दिसले ते लेखकांचा अहंकार दुखावणारे होते. माणसे प्रस्तावना वाचत नव्हती. पाने ओलांडून थेट कामाला हात घालत होती, चुकत होती, आणि चुकीतून बाहेर कसे पडावे हे पुस्तिका सांगतच नव्हती. कॅरल यांनी प्रस्तावना व उजळणी गाळली, चूक सुधारण्याची वाट दाखवली आणि पुस्तिका सुमारे पाव आकाराची केली. शिकण्याचा वेळ जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. १९९०च्या आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘द न्युर्नबर्ग फनेल’ असे नाव दिले : डोक्यात ज्ञान ओतणारे दंतकथेतील नरसाळे. असे नरसाळे नसते, हेच त्यांना दाखवायचे होते.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे राज्यभरातील असंख्य मराठी माणसांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला. अशा वेळी पुस्तकातील एखादा संस्कृतप्रचुर प्रतिशब्द कळला नाही, तर शिकणारा पुस्तकाला दोष देत नाही. ‘मला हे जमायचे नाही’ असे म्हणून उठतो. तो दोष वाचकाच्या माथी मारायचा की वाक्याच्या, हा प्रश्न भाषेचा तितकाच न्यायाचा आहे. साहित्याच्या अध्यापकाने पाठ्यपुस्तक लिहिताना तो टाळू नये. हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी एका विद्यार्थ्यासमोर ठेवावे, आणि तो कोठे थबकतो ते मुकाट्याने पाहावे.